बिनसहीचा शेरा

"चाटून सांग."

डॉक्टरांनी काचेचं चंचुपात्र माझ्यापुढं सरकवलं. चहाची वेळ होती. विभागातले सात-आठ जण लांबलचक टेबलाभोवती उभे होते. कुणाच्या हातात कप, कुणाच्या हातात बिस्किट. चंचुपात्रात तपकिरी पाणी. बाभळीच्या सालीचं. वर फेसाची कड.

डॉक्टरांच्या दुसऱ्या हातात माझा संशोधनाचा पेपर होता. मी लिहिलेला, चार महिने खपून, आयुष्यातला पहिला. वाचून काय ते सांगा म्हणून मी त्यांना दिला होता. त्यांनी तो चहाच्या टेबलावर वाचला. सगळा नाही. एकच वाक्य. इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून. वाक्याचा अर्थ असा, की गावातला कातडी कमावणारा कारागीर सालीचं पाणी तयार झालं की नाही हे जिभेवर थेंब ठेवून ओळखतो.

मग ते माझ्याकडं वळले आणि मराठीत म्हणाले, आम्ही परदेशातून आम्लता मोजायचं मीटर मागवलं ते उगीचच, तुझी जीभ होती की इथं. कितव्या दिवसाचं पाणी आहे, चाटून सांग. ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांना कुणीतरी इंग्रजीत समजावून सांगितलं. त्यामुळं ते थोडे उशिरा हसले.

मी चाटलं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणी मला शूर समजेल. मी नाही म्हणालो नाही. बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं. आधी आंबट, मागून तुरट. पाच दिवसांचं, म्हणालो.

डॉक्टरांनी बाटलीवरची चिठ्ठी वळवून बघितली. पाच दिवसांचंच होतं. बरोबर आलं म्हणून सगळे जास्तच हसले. एकानंही ते वहीत लिहून घेतलं नाही. शास्त्रज्ञ होते सगळे.

मी जातीनं ढोर. बेळगाव जिल्ह्यातल्या एका गावचा. गावाबाहेर ओढ्याकाठी आमची कुंडं होती. बाप कातडी कमवायचा. बाभळीची साल कुटायची, हिरडा घालायचा, पाणी आंबू द्यायचं, मग त्यात कातडं सोडायचं. आमच्या अंगाला तो वास कायमचा. शाळेत मास्तर मला दाराजवळ बसवायचे, वारा बाहेर जाईल अशा बाजूला. मास्तर वाईट नव्हते. मला त्यांनीच पुढं शिकवा म्हणून सांगितलं. पण दाराजवळच बसवलं.

सरकारी शिष्यवृत्तीवर बी.एस्सी. झालो. एकोणीसशे पन्नासच्या दशकाची शेवटची वर्षं असतील, बेंगळूरला आलो. एका मोठ्या संस्थेत कातडीच्या रसायनाचा विभाग होता, तिथं प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलो. जागा तात्पुरती. दर सहा महिन्यांनी मुदत वाढायची आणि ती वाढवणारी सही विभागप्रमुखांची. तेच हे डॉक्टर. पुण्याकडचे, परदेशात पदवी घेतलेले, अंगानं किडकिडीत, बोलणं मऊ. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही.

त्यांची एक रीत होती. विभागात सगळ्यांशी इंग्रजी. अगदी झाडूवाल्यांच्या मुकादमालाही मिस्टर अमुक म्हणायचे. माझ्याशी मात्र मराठी. "अरे, इकडं ये." पहिल्या आठवड्यात मला बरं वाटलं होतं. परमुलखात साहेब आपली भाषा बोलतो म्हणून. पुढं लक्षात आलं, इंग्रजीत त्यांना मला मिस्टर म्हणावं लागलं असतं.

सालीत कस, म्हणजे कातडं कमावणारं द्रव्य, किती आहे हे मोजायची तेव्हाची पद्धत अशी होती. कातड्याची बारीक पूड करायची, ती धुवायची, पिळायची, सालीच्या पाण्यात घालून घुसळायची आणि पुडीनं किती कस शोषून घेतला ते काढायचं. ती पूड कुणाला आवडत नसे. ओली झाली की तिला वास येतो आणि तो नखात बसतो. ती पिळायचं काम माझ्याकडं आलं. कुणी सांगितलं नाही, आपोआप आलं. तुला सवय आहे, एवढंच डॉक्टर म्हणाले. पाण्याच्या माठाजवळ माझा पेला वेगळा ठेवलेला नव्हता. तसं कुणी केलं नसतं, कायदा झाला होता. फक्त मी ज्या पेल्यानं प्यायचो त्याला दुसरं कुणी हात लावत नसे.

राहायला चिकपेटेत होतो, एका शिंपी कुटुंबाच्या घरात, माडीवरच्या खोलीत. घर मराठी, पण कैक पिढ्या तिथंच मुरलेलं. घरधनीण विधवा होती, सगळे तिला अक्का म्हणायचे. कपाळाला भस्माची रेघ, दर मंगळवारी बनशंकरीला जायची. तेव्हा ते देऊळ गावाबाहेर, शेतात होतं. खोली बघायला गेलो तेव्हा तिनं विचारलं, "कुठले तुम्ही? मराठे का?" मी मान हलवली. हलवली म्हणजे कशीही घ्यावी अशी हलवली. "सरी, सरी," बरं बरं अशा अर्थी ती कानडीत म्हणाली, आणि किल्ली दिली. त्या मानेवर मी तिच्या घरी चार वर्षं काढली. सणाला ती पोळी पाठवायची. मी खायचो आणि ताट घासून परत द्यायचो.

आता जे सांगायचं आहे ते याच्यापुढचं.

शास्त्राच्या जर्नलमध्ये पेपर पाठवला की तो लगेच छापत नाहीत. संपादक तो त्या विषयातल्या जाणत्या माणसाकडं पाठवतो. तो परीक्षक. तो वाचतो, बरावाईट शेरा लिहितो, आणि शेऱ्याच्या खाली सही करत नाही. लेखकाला कधीच कळत नाही की आपल्याला कुणी नापास केलं. पद्धत जगभर आहे, आणि तिच्यात तथ्यही असेल. माणूस निर्भीडपणे लिहितो म्हणतात.

आमच्या विषयात देशात जाणते थोडे. त्यामुळं पेपर डॉक्टरांकडं यायचे. आणि डॉक्टर ते माझ्याकडं द्यायचे. "हा घे. बघून ठेव." मी वाचायचो, जमतील ते प्रयोग पुन्हा करून बघायचो, शेरा लिहायचो. रंगप्पा नावाचा टंकलेखक होता, कोलारकडचा, कमी बोलणारा. तो दोन प्रती काढायचा. डॉक्टर सोबतच्या पत्रावर सही करायचे आणि पाकीट जायचं. शेऱ्यावर त्यांचं नाव नसायचंच, मग माझं कुठून असणार. दुप्पट बिनसहीचा शेरा.

मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला सांगू. ज्या पोराला दाराजवळ बसवलं, तो आता प्राध्यापकांना नापास करत होता. डॉक्टरांची लिहिण्याची ढब मी उचलली. थंड, सभ्य, कापणारी. त्यातलं एक वाक्य तर मी स्वतः घडवलेलं होतं. "लेखकाचे परिश्रम दिसतात, परंतु परिश्रम म्हणजे शास्त्र नव्हे." इंग्रजीत ते फारच झोकात वाटायचं. डॉक्टरांनी वाचून मान डोलावली होती. त्या दिवशी मी बसची वाट न बघता चालत घरी गेलो, इतका खूश.

ते वाक्य मी कुणासाठी घडवलं ते सांगतो. विजापूरकडच्या एका कॉलेजातल्या डेमॉन्स्ट्रेटरनं पेपर पाठवला होता. तरवडाच्या सालीवर. इंग्रजी मोडकंतोडकं, आकृत्या हातानं काढलेल्या, पण काम चोख. मी प्रयोग करून बघितले, आकडे जुळले. आडनाव वाचूनच मी ओळखलं होतं, हा आपल्यातला. डॉक्टर म्हणाले, याचं इंग्रजी बघ, परत पाठव. मी एका शब्दानं म्हणालो नाही की आकडे जुळतात. उलट भीती वाटली, की मी बाजू घेतली तर डॉक्टर म्हणतील, जातीचा म्हणून घेतली. म्हणून जास्तच कडक लिहिलं. परिश्रम म्हणजे शास्त्र नव्हे. रंगप्पानं टंकलं, पाकीट गेलं.

त्या माणसाचा पुन्हा पेपर आला नाही.

माझा स्वतःचा पेपर होता आंबलेल्या पाण्यावर. पुस्तकात लिहिलेलं असायचं, सालीचं पाणी ताजं वापरा. आमच्या कुंडात ताजं पाणी कुणी वापरत नसे. बाप म्हणायचा, "पाच दिसाचं पानी पायजे. त्याच्या आत सोडलंस तर कातडं उपाशी ऱ्हातंय." मी ते मीटरवर मोजलं. रोजची आम्लता, रोजचा कस, कातड्याची रोजची भूक. पाचव्या दिवशी आम्लता बरोबर अशा जागी येते जिथं कातडं सगळ्यात जास्त कस घेतं. सहाव्या दिवसापासून पुन्हा कमी. आलेख काढला. ओढ्याकाठी उकिडवा बसलेला माझा बाप त्या आलेखाच्या शेंड्यावर बसला होता.

हा पेपर मला का हवा होता तेही सांगतो. विद्यापीठात संशोधनाच्या पदवीसाठी नाव घालायचं तर स्वतःच्या नावावर छापलेला एक पेपर लागायचा. एकच. तो असता तर मी पदवी केली असती, कुठंतरी कायमची जागा मिळवली असती, आणि दर सहा महिन्यांनी डॉक्टरांच्या टेबलापुढं कागद घेऊन उभं राहणं संपलं असतं. सुटायचं एवढंच दार होतं, आणि त्या दाराची किल्ली डॉक्टरांच्या खिशात. कारण विभागातला कुठलाही पेपर प्रमुखाच्या पत्राशिवाय बाहेर जायचा नाही, अशी रीत होती.

म्हणून मी तो त्यांना दिला. आणि त्यांनी मला चाटायला लावलं. नंतर पेपर स्वतःच्या खणात टाकला. अजून कच्चा आहे, म्हणाले, राहू दे माझ्याकडं.

माझ्याकडं कार्बनची प्रत होती. चाटण्याच्या प्रसंगानंतर महिनाभर मी तिला हात लावला नाही. जिभेचं वाक्य डोळ्यांपुढं यायचं आणि कानात ते हसणं. शेवटी प्रत बाहेर काढली, आणि ते वाक्य खोडलं. गावचा कारागीर गेला, जीभ गेली. त्या जागी लिहिलं, पाचव्या दिवशी विशेष निरीक्षणे घेण्यात आली. कुणी घेतली, का घेतली, काही नाही. वाचताना स्वच्छ वाटत होतं. रंगप्पाला जेवणाच्या सुट्टीत टंकायला दिलं. त्यानं काही विचारलं नाही. पत्ता अक्काच्या घरचा घातला आणि विभागाला न सांगता पाठवून दिला.

इथं मी एक चूक केली, आणि ती माझ्याइतकी दुसऱ्या कुणाला टाळता आली नसती. या विषयावरचे पेपर कुणाच्या टेबलावर येतात हे देशात सगळ्यात जास्त मला माहीत होतं. तरी मला वाटलं, माझा तिकडं जाणार नाही.

एका शुक्रवारी डॉक्टरांनी बोलावलं. टेबलावर जर्नलचं लांब पाकीट होतं. "हा घे. नेहमीसारखं." मी पाकिटातून पानं अर्धी बाहेर काढली. वरच चिकपेटचा पत्ता.

डॉक्टर चष्मा पुसत होते.

"मी रागावलेलो नाही," ते म्हणाले. "तूच लिही. नाकारायचा आहे, एवढं लक्षात ठेव. कारणं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत."

मी काहीतरी म्हणायला गेलो. त्यांनी हात वर केला. माझ्या हातून झालं तर तुला लागेल, म्हणाले, तू स्वतः केलंस तर शिकशील. शिवाय तुझ्या मुदतीचा कागद मंगळवारी माझ्याकडं येणार आहे. दोन्ही एकदमच उरकू. सगळं मायेनं. बाहेर पडताना मी दार हळू ओढून घेतलं, आवाज होऊ नये म्हणून. इतका मी घडलेला होतो.

शनिवारी काही सुचलं नाही. घुसळायच्या यंत्राशेजारी बसून राहिलो. नाही म्हणालो तर नोकरी जाणार, नोकरी गेली तर हा विषयच हातातून जाणार, कारण बेंगळूरबाहेर या कामाची दुसरी प्रयोगशाळा मला कुणी उघडून देणार नव्हतं. होय म्हणालो तर पेपर मरणार, आणि मारणारा हात माझा. चांगला शेरा लिहिला तर तो त्या टेबलावरून पुढं जाणार नाही. कुणाकडं तक्रार करावी तर परीक्षक कोण हे मला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. तो गुप्त होता. खोकला आल्यावर कुणी तोंड दाबून धरावं तसं वाटत होतं.

रविवारी लिहायला बसलो. आणि सगळ्यात वाईट ते तिथं घडलं. शेरा सुरेख उतरला. हात बसलेला होता. लेखकानं नमुने कुठून घेतले ते स्पष्ट नाही. जुन्या ग्रंथांचा आधार अपुरा आहे. अर्धं पान झालं तेव्हा मला कळलं की मी मजेत लिहितोय. माझाच गळा, माझीच सुरी, आणि मी धार बघत होतो. मला माझी किळस आली.

पेन ठेवलं. पेपर पुन्हा पहिल्यापासून वाचला, कुणा परक्याचा असावा तसा. डॉक्टरांसाठी नाही, खरोखरचा परीक्षक म्हणून. आकडे बरोबर. आलेख बरोबर. आणि मग एका जागी अडलो. पाचव्या दिवशी विशेष निरीक्षणे घेण्यात आली. का? चौथ्या का नाही, सातव्या का नाही? बाकीच्या दिवशी दोनदा मोजलं आणि पाचव्या दिवशी तासातासाला. या माणसाला आधीच माहीत होतं की पाचव्या दिवशी काहीतरी आहे. कुठून माहीत होतं? ते तो सांगत नाही. हा लेखक काहीतरी लपवतोय.

दुसऱ्या कुणाच्या पेपरात हे सापडलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

बापानं मला आयुष्यात एकच गोष्ट दिली होती, जी कुणाकडं नव्हती. ती मी घेतली आणि त्यालाच माझ्या पेपराच्या दाराजवळ बसवलं, वारा बाहेर जाईल अशा बाजूला. अक्कापुढं मान हलवली तीच मान मी इंग्रजीत हलवली होती. डॉक्टरांनी मला चहाच्या टेबलावर एकदा चाटायला लावलं, खरं. पण ते वाक्य काही डॉक्टरांनी खोडलं नव्हतं. मी खोडलं होतं. मी रडलो. लाजेनं रडलो आणि रागानंही, वेगळं करता येत नाही.

मग अर्धं पान फाडलं आणि दुसरं लिहिलं. हे प्रयोग मी स्वतः केले आहेत आणि ते बरोबर आहेत. पेपर छापावा. अट एकच. पाचव्या दिवसाचं ज्ञान लेखकाला त्याच्या वडिलांकडून मिळालं, जे पाणी जिभेवर ठेवून त्याची परीक्षा करतात. लेखकानं हे लाजेपोटी गाळलं आहे. ते गाळल्यामुळं पेपर अप्रामाणिक झाला आहे. ते वाक्य परत घातल्याशिवाय छापू नये.

खाली सही केली. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पूर्ण.

सोमवारी रंगप्पाला दिलं. त्यानं इतक्या वर्षांत शेकड्यांनी शेरे टंकले होते. शेवटच्या ओळीवर त्याची बोटं थांबली. नाव टंकायचं का, त्यानं कानडीत विचारलं. टंका, म्हणालो. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि टंकलं. कागद देताना तो नेहमी उपडा द्यायचा. या वेळी सुलटा दिला.

मंगळवारी सकाळी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. माझ्या मुदतीचा कागद शेजारीच होता. त्यांनी शेरा वाचला. सावकाश, दोनदा.

"हे खाली काय आहे?"

"माझं नाव."

"रिपोर्टवर नाव नसतं."

"लिहिलंय मी, सर. आणि पेपरही माझाच आहे. ते दोन्ही संपादकाला कळलं पाहिजे."

ते हसले नाहीत. पहिल्यांदाच मला त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललेलं दिसलं. भीती म्हणणार नाही. अडचण म्हणतो. कारण हा कागद गेला असता तर संपादकाला हेही कळलं असतं, की इतकी वर्षं डॉक्टरांचे शेरे कोण लिहीत होतं. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि तोच मऊ आवाज काढला. अरे, डोकं ठिकाणावर ठेव. नाव काढ, नाकारण्याची चार कारणं लिही, मी आत्ता इथं तुझ्या कागदावर सही करतो. पुढच्या वर्षी आपण दोघांच्या नावानं हाच पेपर काढू. जिभेबिभेचं सोडून.

म्हणजे पेपर चांगला होता. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"नाही," मी म्हणालो.

एवढंच. भाषण मला आलं नाही. पुष्कळ वर्षांनी पुष्कळ चांगली वाक्यं सुचली, पण त्या दिवशी एकच शब्द होता. तो मी त्यांना उभ्या जन्मात म्हणालो नव्हतो. चाटायच्या दिवशी म्हणायचा राहिलेला शब्द मी उशिरा दिला.

माझ्या शेऱ्याचं त्यांनी काय केलं ते मी बघितलं नाही. मुदतीच्या कागदावर सही झाली नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी चंचुपात्रं धुऊन पालथी घातली, पुडीचा डबा बंद केला, किल्ल्या दिल्या. चहाच्या टेबलावर कुणी काही विचारलं नाही. माझा पेला माठाजवळ होता. तो मी बरोबर घेतला.

दोन आठवड्यांनी अक्काच्या घरी लांब पाकीट आलं. पेपर परत. सोबत शेरा, तीन ओळींचा, बिनसहीचा. डॉक्टरांनी कित्येक वर्षांत पहिल्यांदा स्वतः लिहिलेला असणार. त्यांना नवीन काही सुचलं नव्हतं. शेवटची ओळ अशी होती. लेखकाचे परिश्रम दिसतात, परंतु परिश्रम म्हणजे शास्त्र नव्हे.

मी जिन्यात बसलो. विजापूरच्या त्या माणसानं हे वाक्य कुठं बसून वाचलं असेल? घरी? वर्गाबाहेर? कुणाला दाखवलं असेल का? मला आता त्याच्या जागेवर बसवलं होतं, आणि वाक्य माझंच होतं.

अक्का खालून वर येत होती. काय झालं अण्णा, म्हणाली, गावाकडचं पत्र का? मी म्हणालो, नाही. मग म्हणालो, अक्का, मी मराठा नाही. आम्ही ढोर. कातडी कमावणारे. त्या दिवशी मी मान हलवली ती खोटी होती.

ती कठडा धरून उभी राहिली.

"स्वल्प आधी सांगायचं होतं, अण्णा," ती म्हणाली. "माझे पण सोयरे आहेत. मी काय करू?"

ती वाईट नव्हती. माझे मास्तरही वाईट नव्हते. आयुष्यभर मला वाईट नसलेल्या माणसांनीच दाराजवळ बसवलं. महिनाअखेर मी खोली सोडली. तिनं पोळीचं ताट परत मागितलं नाही. ते मी घासून तिच्या उंबऱ्यावर ठेवून आलो.

जाण्याआधी दोन पाकिटं पोस्टात टाकली.

एकात तोच पेपर, दुसऱ्या जर्नलला. त्यात ते वाक्य परत घातलं होतं. गावातला कारागीर असं नाही लिहिलं. माझे वडील असं लिहिलं, त्यांच्या नावानिशी, त्यांच्या धंद्यानिशी. ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही आणि पाचवा दिवस मीटरच्या आधी ओळखला.

दुसरं पाकीट विजापूरला, कॉलेजच्या पत्त्यावर. पत्ता मला पाठ होता. लिहिलं, तुमच्या पेपरवरचा शेरा मी लिहिला होता. तुमचे आकडे मी स्वतः ताडून बघितले, ते बरोबर होते. मी तुमचं आडनाव ओळखलं होतं आणि भिऊन जास्त कडक लिहिलं. हे पत्र कुणालाही दाखवा. माफी मागितली नाही. माफी मागितली की समोरच्याला ती देण्याचं ओझं होतं. खाली सही केली.

त्याचं उत्तर आलं नाही. येण्याचं कारणही नव्हतं.

पेपर छापून आला का, असं लोक मला विचारतात. मी सांगत नाही. छापला म्हणून माझा बाप खरा आणि परत आला म्हणून खोटा, असा निवाडा मी आता कुणाच्या हातात देणार नाही. संपादकाच्या नाही, परीक्षकाच्या नाही, आणि हे वाचणारे तुम्ही, तुमच्याही नाही.

बिनसहीचा एकही कागद त्यानंतर माझ्या हातून गेला नाही. जाणारही नाही. जे बोलायचं ते नाव घालून. ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव आधी. आणि कुणी पुन्हा माझ्यापुढं चंचुपात्र सरकवलं, तर मी ते त्याच्याकडंच सरकवीन. आधी तुम्ही चाटा. मग मी चाटतो. मग मीटर लावू, आणि जो आकडा येईल त्याच्याखाली दोघंही सही करू.